पाटीवर आठशे, हिशेबात चार हजार: घरच्या वाइनरीला जाताना

उतारावरची द्राक्षबाग बघायची, वाइन कशी होते ते मालकाच्याच तोंडून ऐकायचं, चार-पाच प्रकार चाखायचे, जेवायचं आणि दोन-तीन बाटल्या घेऊन परत यायचं. एका दिवसाचा बेत. जाहिरातीत त्याची किंमत माणशी पाचशे ते हजार रुपये दिसते. मुंबई-पुण्याहून जाऊन यायचं म्हटलं तर माणशी चार हजारांची तयारी ठेवा. हे पैसे कुठे जातात, त्यातले कुठले वाचवता येतात आणि कुठले अजिबात वाचवू नयेत, ते इथे सांगते.

सगळ्यात आधी फोन. मोठ्या वाइनरीत दर तासाला फेरी सुटते, तुम्ही कधीही गेलात तरी कोणीतरी गणवेशातला माणूस भेटतो. घरच्या वाइनरीत तसं नसतं. बाग दाखवणारा, टाक्या बघणारा, बिल करणारा माणूस पुष्कळदा एकच असतो आणि तो औषध फवारणीवर किंवा बाजारात गेलेला असू शकतो. न कळवता गेलात तर गेटवरून परत फिरावं लागतं, आणि चूक त्यांची नसते. दोन दिवस आधी फोन करा आणि एवढं विचारून घ्या: फेरी किती वाजता, किती वेळाची? किती प्रकार चाखायला, प्रत्येकी किती मिली? सांगितलेली रक्कम कर धरून की कर सोडून? बरोबरचं कोणी पिणार नसेल तर त्याचे किती? लहान मुलांचे किती? जेवण आधी सांगावं लागतं का? यूपीआय चालतं का, की रोख लागेल? आगाऊ भरलेले पैसे येणं रद्द झालं तर परत मिळतात का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. दोन ओळींचा मेसेज पुरतो, आणि बिलाच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

आणखी एक प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: बाग चालत दाखवणार का? 'फेरी' म्हणून पुष्कळ ठिकाणी फक्त स्टीलच्या टाक्या आणि लाकडी पिंपांची खोली दाखवतात. ती वीस मिनिटांत संपते आणि सगळीकडे सारखीच दिसते. तुम्ही ज्याचे पैसे देताय ते बाहेर आहे. गेल्या जानेवारीत इगतपुरीकडच्या एका उतारावर मालकीणबाईंबरोबर मी रांगांमधून चढत गेले. वरच्या रांगेत थांबून त्यांनी एका घडाचे चार मणी तोडले: एक वरचा, एक टोकाचा, एक उन्हाकडचा, एक पानाआडचा. बोटांनी चिरडून रसाचे दोन थेंब साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकले, नळी सूर्याकडे धरली आणि माझ्या हातात दिली. आतली निळी रेघ बावीसवर होती. मग आम्ही खाली ओढ्याजवळच्या रांगेत उतरलो. तीच जात, तीच छाटणी, पण रेघ विसाच्या आसपास. खाली माती जाड, ओल जास्त, म्हणून माल मागे. "वरचा परवा काढू, खालचा पुढच्या आठवड्यात," त्या म्हणाल्या. एकच बाग दोनदा का तोडावी लागते आणि मजुरी दुप्पट का होते, ते मला त्या पंधरा मिनिटांत कळलं. फेरीत हे नसेल तर टाक्या बघायला इतक्या लांब जाऊ नका.

कुठे जायचं

नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला, सुला आणि सोमा या वाइनरी आहेत. यॉर्क तिथलीच. ती गुरनानी कुटुंबानं उभी केली आणि २०२१ मध्ये सुलाकडे गेली. तेव्हा जुना लेख वाचून 'कुटुंबाची वाइनरी' म्हणून निघाला असाल तर हे लक्षात घ्या. निफाडजवळ कुंदेवाडीला पाटील कुटुंबाची व्हिंटेज वाइन्स आहे. बाटलीवर नाव 'रेव्हिलो'. हा भाग सपाट आहे, डोंगर मिळणार नाही, पण द्राक्षपट्ट्याच्या ऐन मध्यात आहात. डोंगर हवा असेल तर इगतपुरी तालुक्यात सांजेगाव-कावनई भागात जा. तिथे व्हॅलोने ही छोटी वाइनरी आहे आणि ग्रोव्हर झाम्पाची मोठी. मुंबईकरांना हाच भाग सगळ्यात जवळचा, कारण नाशिक शहरात शिरावंच लागत नाही. पुण्या-सोलापूरकडच्यांना अकलूजजवळ मोटेवाडीची फ्रातेल्ली आहे. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू अशा तीन भावांच्या जोड्यांनी ती सुरू केली. इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊच.

एका दिवसात एकच वाइनरी करा. फार तर दोन. तीन-चार वाइनरींची 'टूर' विकणारे भेटतील. त्यात प्रत्येक ठिकाणी तुम्ही चाळीस मिनिटं असता, तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही, आणि चाखण्याचे पैसे मात्र चारही ठिकाणी भरता.

कधी जायचं

घड बघायचे असतील तर जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. वाइनच्या द्राक्षांची तोडणी डिसेंबरअखेर सुरू होते, जानेवारी-फेब्रुवारीत जोरात असते. तोडणी पहाटे गार हवेत करतात, म्हणून 'तोडणी बघायला सकाळी सहाला येऊ का' असं विचारा. काही घरं आनंदानं हो म्हणतात, आणि त्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत. पायांनी द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम मात्र वेगळा आकारतात. ती द्राक्षं बाटलीत जात नाहीत, ती गंमत आहे. मुलांना आवडते, पण हे धरूनच पैसे द्या.

महिना ठरवताना छाटणी विचारा. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. दोन्हीनंतर दोन-तीन आठवडे बागेत नुसती खोडं आणि तारा दिसतात. मला हे एकदा महागात पडलं. एप्रिलच्या शेवटी एका ठिकाणी 'बागेकडे उघडणारी' खोली म्हणून जादा पैसे भरून राहिले. खिडकीतून अर्धं वाहनतळ दिसत होतं आणि उरलेल्या अर्ध्यात भुंडी खोडं. फोटो अर्थातच जानेवारीतला होता. तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी सांगते, 'आजचा फोटो पाठवा'. जे पाठवतात त्यांच्याकडेच जाते.

पावसाळ्यात फळ नसतं, पण पान हिरवंगार असतं, गर्दी कमी आणि खोल्या स्वस्त. इगतपुरीचा पाऊस जबरदस्त असतो. कसारा घाटात धुकं धरतं, बागेत चिखल होतो. चप्पल-सँडल नको, पकड असलेले बूट घाला. उतारावर मुरूम सुटतो, कोरड्या दिवसांतही पाय घसरतो.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मोठ्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी वेगळं प्रवेश शुल्क असतं. ते जेवणाच्या किंवा बाटलीच्या बिलातून वळतं होतं की बुडीत जातं, ते गेटवरच विचारा. सुलाफेस्टसारखा महोत्सव असतो त्या दोन-तीन दिवसांत नाशिकभर हॉटेलांचे दर चढतात. सिंहस्थाच्या पर्वकाळातही तेच होणार, २०२७ चा बेत आखताना पर्वण्यांच्या तारखा आधी बघा.

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला दारूविक्री बंद असते. निवडणुकीत मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास बंद. शिवाय जिल्हाधिकारी स्थानिक आदेश काढतात. जोडून सुट्ट्या बघून लोक नेमके याच दिवसांत निघतात आणि बंद दारापाशी पोचतात. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून 'उद्या चाखायला मिळेल ना' हे विचाराच.

कागद

सगळ्यांचं वय सिद्ध करणारं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा: आधार, पॅन, वाहन परवाना, यातलं एक. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५. कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी बरोबर असेल आणि वय वीस असेल, तर त्याच्यासाठी चाखण्याचे पैसे भरू नका. 'कोण बघतंय' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. परवाना त्या कुटुंबाचा जातो.

दुसरा कागद दारू पिण्याचा परवाना. राज्य उत्पादन शुल्क विभाग तो देतो. एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आजीवन १,००० रुपये. एका दिवसाचा परवाना विक्रीच्या जागीच मिळतो. वर्षाचा किंवा आजीवन हवा असेल तर विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतो. 'परवाना काढून देतो' म्हणून पाचशे-हजार मागणारे दलाल आहेत. कागद सोपा आहे, स्वतः भरा. आणि बिलात 'परवाना' म्हणून पाच रुपयांऐवजी पन्नास लावले असतील तर पावती मागा.

चाखण्याचे पैसे आणि त्याला चिकटलेले पैसे

साधारण पाच प्रकार, प्रत्येकी ३० मिली, हा चाखण्याचा नेहमीचा साचा. दोन पांढऱ्या, एक गुलाबी, दोन लाल. तीन प्रकारांचा स्वस्त संच आणि 'रिझर्व्ह'चा, म्हणजे पिंपात मुरवलेल्या वाइनचा, महाग संचही असतो. पहिल्यांदा जात असाल तर महाग संच घेऊ नका. पिंपात मुरवलेल्या वाइनला लाकडाचा, व्हॅनिलाचा वास असतो. साधी शिराझ (लाल वाइन) आणि पिंपातली शिराझ शेजारी ठेवून चाखली तरच तो फरक कळतो. मागितलंत तर छोटी वाइनरी असा बदल करून देते. दोघांत एक संच घ्यायचा असेल तर तेही आधी विचारा, काही ठिकाणी चालतं.

टेबलावर थुंकण्यासाठी एक भांडं ठेवलेलं असतं. ते शोभेसाठी नाही. घोट तोंडात फिरवून त्यात टाकून द्यायला कसलाही संकोच नको. वाइन करणारी माणसं रोज तेच करतात.

बिलात बघायच्या ओळी अशा. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट असतो. जेवणावर जीएसटी असतो. म्हणून एकाच बिलात दोन कर दिसले तर ती लबाडी नाही. मात्र वाइनच्या ग्लासावर जीएसटी किंवा जेवणावर व्हॅट लावला असेल तर विचारा. साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के असतो. सेवा शुल्क म्हणून ५-१० टक्के आपोआप जोडले असतील तर ते काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये असं आपोआप जोडण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वं योग्य ठरवली. काढत नसतील तर बिलाचा फोटो घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. कोणी मनापासून बाग दाखवली असेल तर त्याला हातात बक्षिसी द्या, ती वेगळी गोष्ट.

चीजची थाळी हा दुसरा चोरखर्च. 'वाइनबरोबर काहीतरी घ्या ना' म्हणून ती पुढे येते आणि चाखण्याच्या संचाएवढी किंमत लावून जाते. सकाळी पोटभर खाऊन निघा आणि जेवण वाइनरीत आधी सांगून ठेवा. घरच्या वाइनरीत घरचं जेवण मिळत असेल तर तेच घ्या. पिठलं-भाकरी, भरलं वांगं, मटण: जे त्या घरात शिजतं ते. ज्या घरानं द्राक्षं लावली, त्या घरातल्या मसाल्याबरोबर त्यांची लाल वाइन कशी लागते हे तुम्हाला दुसरीकडे कळणार नाही. पाण्याची बाटली मागितली तर पैसे. साधं पाणी मागा. चाखलेला ग्लास घरी नेता येतो असं सांगतात, त्यासाठी अनामत घेतली असेल आणि ग्लास नेणार नसाल तर ती परत मागायला विसरू नका.

बागेतली द्राक्षं तोडून खाऊ नका. एक तर फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं. दुसरं म्हणजे वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षासारखं नसतं: मणी बारीक, साल जाड, बिया मोठ्या. मालकानं स्वतः तोडून दिलं तर घ्या.

गाडी: इथे काटकसर नको

दिवसभराच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा गाडीचा असतो, आणि लोक नेमका तोच वाचवतात. 'पाचच घोट तर आहेत, मी चालवतो.' हिशेब मांडून दाखवते. पाच प्रकार प्रत्येकी ३० मिली म्हणजे १५० मिली. वाइनमध्ये साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल, म्हणजे तुमच्या पोटात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलो वजनाचा पुरुष एवढ्यानंच त्या मर्यादेच्या आसपास पोचू शकतो. पंचावन्न किलोची बाई ती सहज ओलांडू शकते. आणि अजून जेवणाबरोबरचा ग्लास यायचाय. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मला घाट जास्त दिसतो: संध्याकाळचा कसारा, भरलेले ट्रेलर, आणि मागच्या सीटवर झोपलेली मुलं.

तेव्हा तीन रस्ते. गटातल्या एकानं अजिबात प्यायची नाही आणि ते घरातून निघतानाच ठरवायचं. न पिणाऱ्याला फक्त फेरीचे पैसे आकारा, असं फोनवर पक्कं केलेलं असलं की त्याचं नुकसान होत नाही. नाहीतर चालकासह गाडी करा. भाडं ठरवताना किमान किती किलोमीटर धरणार, चालक भत्ता किती, टोल आणि पार्किंग आत की बाहेर, रात्री उशीर झाल्यास काय, हे विचारा. एका दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरण्याची पद्धत असते. इगतपुरीची जवळची बाग निवडली तरी किमानाचेच पैसे जाऊ शकतात. तिसरा रस्ता रेल्वेचा. मुंबईहून सकाळची तपोवन किंवा शिर्डीची वंदे भारत नाशिकरोडला सोडते. पंचवटीच्या नावावर जाऊ नका: ती सकाळी मनमाडहून मुंबईकडे येते आणि संध्याकाळी परतते, म्हणजे मुक्काम असेल तरच तुमच्या कामाची. नाशिकरोड स्टेशन शहराच्या पूर्वेला, गंगापूरकडच्या वाइनरी पश्चिमेला; मधलं अंतर वीस किलोमीटरच्या वर. स्टेशनवरून जाताना रिक्षा मिळते, परतीला बागेच्या दारात काही मिळत नाही. म्हणून जाता-येतानाचं आणि थांबण्याचं भाडं मिळून एकच रक्कम ठरवा. चालक 'त्यापेक्षा चांगली जागा दाखवतो' म्हणाला तर नको म्हणा. तिथे त्याचं कमिशन असतं आणि तुमचं बुकिंग दुसरीकडे असतं.

आता पूर्ण दिवसाचा हिशेब. आकडे मी हिशेबापुरते धरलेत, तुमचे तुम्ही घाला. ठाण्याहून चौघं, चालकासह गाडी. ३६० किलोमीटर, १४ रुपये दरानं ५,०४० रुपये. चालक भत्ता ४००, टोल-पार्किंग ६००. गाडीचे झाले ६,०४०. चाखणं कर धरून माणशी ८००, चौघांचे ३,२००. जेवण माणशी ९०० धरून ३,६००, त्यावर ५ टक्के जीएसटी १८०. तीन बाटल्या सरासरी १,१०० च्या, ३,३००. एकूण १६,३२०. माणशी ४,०८०. पाटीवर आठशे लिहिलं होतं.

यातून कमी कुठे होतं? एकच पूर्ण संच आणि एक तीन प्रकारांचा घेतला, बाटल्या दोन घेतल्या, तर हजार-दोन हजार सहज. आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर आणखी थोडे. गाडीचे सहा हजार मात्र तसेच ठेवा.

त्र्यंबकेश्वर आणि वाइनरी एकाच दिवशी करणारी कुटुंबं खूप. होतं, पण क्रम दर्शन आधी असा ठेवा, सोमवार आणि श्रावण सोडा, आणि वाइनरीची वेळ दुपारी दोननंतरची घ्या. रांग किती लांबेल ते आधी सांगता येत नाही.

मुक्काम केलात तर

खोलीचा दर ७,५०० च्या आत की वर, हे बघा. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेली की १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दर शंभर रुपयांनी जास्त, बिल १,०९३ रुपयांनी. घरच्या वाइनरीत बोलून ठरवता येतं. सांगा की दर साडेसात हजारांपर्यंत खाली आणा. शिवाय साडेसात हजारांवरच्या खोल्या विकणाऱ्या हॉटेलाच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावरही १८ टक्के लागू शकतात, तेव्हा तिथे जेवणाचा कर आधी विचारा. खोलीच्या भाड्यात फेरी आणि चाखणं धरलंय का? बहुतेकदा धरता येतं, पण न विचारता मिळत नाही. बाहेरची बाटली जेवणाच्या टेबलावर उघडली तर काही ठिकाणी त्याचे पैसे लावतात. त्याच वाइनरीच्या दुकानातून घेतलेली असली तरी.

बाटल्या घेताना

बागेत स्वस्त मिळते, हा समज सोडा. बाटलीवर छापील किंमत असते आणि वाइनरीतही बहुधा तीच घेतात. साधी बाटली सहाशे-नऊशेच्या घरात, पिंपात मुरवलेली हजार-दीड हजार किंवा त्याहून वर. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. 'थंड करून दिली' म्हणून जादा मागितलं तरी नाही. सहा किंवा बारा बाटल्यांच्या खोक्यावर काही सोडतात का ते विचारा. वाइनरीत खरा फायदा वेगळा असतो: जी वाइन थोडीच झाली म्हणून शहरातल्या दुकानात पोचत नाही, ती इथे मिळते. 'दुकानात न मिळणारी कुठली आहे?' असा सरळ प्रश्न विचारा आणि तीच एक घ्या.

लेबल वाचा. द्राक्षं कुठली, बाटली कोणी भरली, वर्ष कुठलं, अल्कोहोल किती टक्के. पांढरी आणि गुलाबी वाइन ताजी घ्यायची. तीन-चार वर्षं जुनी पांढरी साधी बाटली 'जुनी म्हणजे भारी' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर नको. फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल असंही नाही. रस्त्याकडेच्या टपरीवर लेबल नसलेली 'घरगुती वाइन' मिळते, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

बिल सांभाळा आणि परवान्याबरोबर गाडीत ठेवा. राज्याबाहेर नेण्याआधी तिथले नियम बघा, आणि गुजरातेत तर अजिबात नेऊ नका, तिथे दारूबंदी आहे. वणीला सप्तशृंगीचं दर्शन घेऊन पुढे सापुताऱ्याला जाणाऱ्यांचं इथेच चुकतं: सापुतारा गुजरातेत आहे. डिकीतली तुमची बिलासकटची बाटलीसुद्धा सीमेवर गुन्हा ठरते. विमानानं जाणार असाल तर वाइन चेक-इन सामानात टाका. २४ टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोल असल्यानं पाच लिटरची मर्यादा तिला लागत नाही, तरी विमान कंपनीचा नियम बघून घ्या. प्रत्येक बाटली वेगळ्या कपड्यात गुंडाळा.

उन्हाळ्यात बाटल्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडी तापते, बूच वर सरकतं आणि वाइनला शिजवलेल्या फळासारखा वास येतो. खरेदी सगळ्यात शेवटी करा, बाटल्या पायाशी सावलीत ठेवा. घरी आल्यावर फ्रिजच्या दारात नाही, मागच्या बाजूला आडव्या. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये पांढरी असो की लाल, तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर चव उतरते, मग ती मटणाच्या रश्श्यात घाला.